बहुरूपी आणि बॉयलरचं पुस्तक

माझ्या सासऱ्यांच्या हाकेत कधी कुणाचं नाव नसायचं. "जरा इकडे ये!" एवढंच. हाक कुणाला आहे हे त्या वेळी घरात कोण आहे यावर ठरायचं. लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा मला याची गंमत वाटायची. पुढे नव्वदीच्या दशकाच्या शेवटाला माझी नोकरी सुटली, मी घरी बसले, आणि ती हाक दुपारभर फक्त माझी झाली. मग गंमत संपली. हाक ऐकली की डोक्यात तिडीक जायची, आणि तरी चेहरा हसरा ठेवून मी हात पुसत बाहेरच्या खोलीत जायचे.

बाबा, म्हणजे सासरे, कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत बॉयलर हाऊसचे इंजिनियर होते. ऐंशीच्या दशकात त्या कंपनीने ऑफिससाठी एक कॉम्प्युटर घेतला, हिरव्या अक्षरांचा, दोन फ्लॉपी घालायचा. ऑफिसातली माणसं त्याच्या जवळ जायला घाबरायची. बाबा मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवून त्याच्यापुढे बसायचे आणि एका एका बोटाने टाइप करायला शिकले. पुढे कंपनीने तो मोडीत काढला, तेव्हा बाबांनी तो मागून घेतला आणि निवृत्त झाल्यावर बाहेरच्या खोलीत खिडकीशी मांडला. त्यावर ते पुस्तक लिहायला बसले. बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसणाऱ्या कामगारांसाठी, सोप्या मराठीत. अडचण एकच होती, त्या कॉम्प्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती. म्हणून "पाणी कमी झाले तर आधी आग कमी करा" हे वाक्यसुद्धा पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उभं राहायचं. नंतर कुणीतरी ते देवनागरीत उतरवून घेईल, असं बाबा म्हणायचे. कुणीतरी म्हणजे कोण, ते मला लग्नानंतर कळलं.

त्या वर्षी पावसाळ्यात दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. बाबांना हार्ट अटॅक आला, आणि ते दवाखान्यातून घरी येतात न येतात तोच जुना कॉम्प्युटर आचके द्यायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना त्रास होईल असं काही करू नका. हे वाक्य आमच्या घरात कायद्यासारखं लागू झालं. टीव्ही मोठा लावायचा नाही, कारण बाबांना त्रास होईल. पाहुण्यांना राहायला बोलवायचं नाही, बाबांना त्रास होईल. आणि पुस्तक थांबायला नको, कारण पुस्तक थांबलं तर बाबांना सगळ्यात जास्त त्रास होईल.

माझ्या नवऱ्याने हप्त्यावर नवा कॉम्प्युटर आणला. माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका जाणकाराने केबल जोडून जुन्या फ्लॉप्यांवरचं सगळं नव्यात ओढून घेतलं आणि एक एम्युलेटर आणून दिला. एम्युलेटर म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत बसून जुन्याचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. तो सुरू केला की पडद्याच्या मधोमध एक काळी चौकट उघडते, आणि त्या चौकटीतलं जुनं सॉफ्टवेअर आपण अजून आपल्याच मशीनवर आहोत अशा समजुतीने कामाला लागतं. मी हे बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते खूश झाले.

"म्हणजे बहुरूपी!" ते म्हणाले.

तेव्हापासून घरात सगळे त्याला बहुरूपीच म्हणायला लागले.

या भानगडीत न पडता सगळं सरळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये का नाही घेतलं, असं कुणी विचारेल. घेऊन पाहिलं होतं. जुन्या फाइली नव्यात उघडल्या की जवळजवळ प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर बिघडून दिसायचं. ते साफ करणारा एक लहानसा प्रोग्रॅमही मी लिहिला, चालला, आणि मोठ्या उत्साहाने बाबांना नव्या पडद्यावर त्यांचं पहिलं प्रकरण दाखवलं. त्यांनी की-बोर्डवर नेहमीची बटणं दाबली. ओळ पुसायला गेले तर सगळा परिच्छेद निळा झाला. त्यांचा चेहरा इतका उतरला की स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी मला डोळ्यांनीच खुणावलं, बंद कर. "माझ्या बोटांना ते जुनं येतं गं," बाबा म्हणाले, "डोक्याला आता नवं यायचं नाही." झालं. बहुरूप्याला पर्याय राहिला नाही.

याच सुमाराला ठाण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मला शिकवायची नोकरी मिळाली होती. माझी पहिली कंपनी बंद पडल्यापासून मी वाट बघत होते ती हीच. क्लासच्या बाईंनी सांगितलं, दिवाळीनंतर नवी बॅच सुरू होईल तेव्हा या. मी नाचतच घरी आले. नवऱ्याने पेढे आणले, पण ते आमच्या खोलीतच खाल्ले.

"बाबांना आत्ता सांगू नको," तो म्हणाला. "तू नसलीस तर बहुरूपी कोण बघणार, ह्याचं त्यांना टेन्शन येईल. पुस्तक एकदा मार्गी लागू दे, मग बोलू."

"आणि नाही लागलं तर?"

"अगं लागेल गं. मी आईशी पण बोललोय. ती पण तेच बोलली, आत्ता नको."

तो सकाळी कळव्याच्या कारखान्यात निघून जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्याला "लागेल" म्हणायला काय जात होतं?

सुरुवातीच्या भानगडी मी हसत सोडवल्या. नवा कॉम्प्युटर इतका वेगवान होता की बाबांनी एक अक्षर दाबलं की त्या अक्षराची ओळच्या ओळ उमटायची. बहुरूप्याला हळू चालायला शिकवावं लागलं. बाणांची बटणं चालत नव्हती, ती जुळवली. छापायला गेलं की प्रिंटर कागद ओढायचा आणि कोराच बाहेर ढकलायचा, तेही एकदाचं जमलं. गणपतीच्या आधी सगळं सुरळीत झालं होतं. बाबा सकाळी नवं प्रकरण लिहायला बसायचे, मी मनात म्हणायचे, आता सुटले.

आणि मग ते रोज बिघडायला लागलं.

म्हणजे असं, की सकाळी व्यवस्थित चालायचं. बाबा जेवणाच्या आधी बंद करायचे. जेवण, थोडी झोप, मग पुन्हा सुरू करायला गेले की काळी चौकट उघडायची आणि आत काहीच नाही. कधी पडदाभर हृदयं, पत्त्यांतले किल्वर आणि हसरे चेहरे असली चिन्हं पळत सुटायची. कधी अख्खा कॉम्प्युटर गोठायचा. "जरा इकडे ये!" हाक यायची. मी जायचे. "सकाळी छान चाललं होतं," बाबा म्हणायचे, रोज त्याच सुरात, जणू मी येऊन काहीतरी केलं.

मी सगळे उपाय केले. बहुरूपी काढून नव्याने बसवला. त्याच्या सेटिंग्ज एक एक करून बदलून पाहिल्या. नवऱ्याने "व्हायरस असेल" हे निदान केलं, जे तेव्हा जो तो सगळ्यालाच करायचा, म्हणून व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम दुपारभर चालवला. काही सापडलं नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनी टेबलाची दिशा चुकल्याचं सांगितलं, तर बाबांनी टेबलही फिरवून घेतलं. त्यामुळे एवढंच झालं की दुपारचं ऊन थेट पडद्यावर यायला लागलं. शेवटी मला एक रामबाण सापडला. अस्सल प्रोग्रॅमची एक प्रत मी नव्या लहान फ्लॉपीवर जपून ठेवली होती, तिच्यावरून तो पुन्हा उतरवून घेतला की बहुरूपी ताजातवाना होऊन उभा राहायचा. का बिघडतो ते कळत नव्हतं, पण रोज दुपारी औषधाचा डोस दिल्यासारखी मी ती फ्लॉपी घालायचे.

एवढं करून मला उठता आलं असतं तर मी कुरकुर केली नसती. पण बाबा म्हणायचे, "बस इथेच. परत बंद पडलं तर?" आणि स्टूल पुढे सरकवायचे. मी त्या स्टुलावर बसायचे. ते एका बोटाने लिहायचे आणि लिहिलेलं मोठ्याने वाचायचे. "गेज ग्लास रोज तपासावी." "सेफ्टी व्हॉल्व्हवर कधीही वजन ठेवू नये." मला बाकीचं काही आठवत नाही अशा दुपारी गेल्या, पण बॉयलर मी आजही चालवू शकेन. खाली रिक्षा स्टँडवर माणसं यायची, जायची. त्यांना कुठेतरी जायचं असायचं याचासुद्धा मला हेवा वाटायचा. बाबा वाईट नव्हते, हेच तर अवघड होतं. मध्येच आपल्या डब्यातली साखरफुटाण्याची मूठ माझ्या हातावर ठेवायचे. अशा माणसावर चिडता येत नाही, आणि न चिडता तिथे बसता येत नाही. माझा जीव त्या स्टुलावर आंबून गेला होता.

सासूबाई त्या वेळी घरात नसायच्या. मी स्टुलावर बसले की त्या साडी बदलून, छोटी पर्स घेऊन, "जरा देवळात जाऊन येते" असं हळूच सांगून निघायच्या आणि चहाच्या वेळेला परत यायच्या. मला तेव्हा रागच यायचा. मनात म्हणायचे, देवाला एवढा वेळ लागतो का?

दिवाळी आली, गेली. फराळाचे डबे रिकामे व्हायला आले. घरचा फोन बाबांच्या खुर्चीशेजारी होता, म्हणून मी भाजी आणायच्या निमित्ताने खाली उतरून कोपऱ्यावरच्या पीसीओतून क्लासच्या बाईंना फोन केला आणि थोडी मुदत मागितली. याआधी एकदा मागून झाली होती. बाई रागावल्या नाहीत. "सोमवारी बॅच सुरू होते," त्या म्हणाल्या. "सोमवारी आलात तर तुम्ही, नाहीतर दुसऱ्या एक जणी तयार आहेत. माझाही नाइलाज आहे हो." मी मेथीची जुडी घेऊन वर आले आणि संडासात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडले. आमच्या घरात रडायला तेवढीच जागा होती.

रडून झाल्यावर मला राग आला. बाबांचा नाही, नवऱ्याचाही नाही, त्या काळ्या चौकटीचा. मी कॉम्प्युटर शिकलेली बाई, आणि हे रोज माझ्या नाकावर टिच्चून बिघडतं? आणि मी कारण न शोधता नुसती फ्लॉपी घालत बसते? दुसऱ्या दिवशी बाबा जेवून झोपले, तशी मी त्यांनी बोलवायच्या आतच टेबलाशी गेले. आजवर मी नेहमी बहुरूप्याच्या आत शिरून बघत होते, आणि आतून फाइलींची नुसती नावं दिसत. त्या दिवशी मी बाहेरून बघितलं. नव्या कॉम्प्युटरचं तेच फोल्डर उघडलं, आणि प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली त्या क्रमाने लावून घेतली.

बाबांच्या प्रकरणांवर सकाळची वेळ होती, ते ठीकच. पण प्रोग्रॅमच्या फाइलींवरही सकाळचीच वेळ होती. बाबांची पूजा आटोपते त्यानंतरची. प्रोग्रॅम कुणी रोज लिहीत नाही, तो आपणहून बदलत नाही. त्याचा आकारही मूळ फ्लॉपीवरच्यापेक्षा किंचित वाढला होता. मी ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. मशीनची भाषा असते तसा सगळा चिन्हांचा कचरा. आणि त्या कचऱ्याच्या डोक्यावर, पहिल्या ओळीच्या मधोमध, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, सुबक लिहिलेलं: श्री.

मी दुसरी फाइल उघडली. श्री. तिसरी. श्री.

माझ्या लक्षात आलं ते असं. बाबांच्या पिढीत कोऱ्या कागदावर आधी श्री लिहिल्याशिवाय काही लिहीत नसत. बाबा आपल्या प्रत्येक प्रकरणावर श्री घालायचे, ते मला माहीत होतं, छापलेल्या कागदांवर मी पाहिलंच होतं. जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमची फ्लॉपी वेगळी आणि प्रकरणांची वेगळी असायची. प्रोग्रॅमच्या फ्लॉपीच्या खाचेवर तर चांदीचा कागद चिकटवलेला असे, म्हणजे तिच्यावर कुणाला काही लिहिताच येऊ नये. नव्यात मी सगळं सोयीसाठी एकाच फोल्डरमध्ये टाकलं. बाबा सकाळी बहुरूपी सुरू करत, समोर यादीत दिसेल ती प्रत्येक फाइल उघडून बघत, आणि जिच्यावर श्री नसेल तिच्यावर श्री घालून ती जपून ठेवत. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलींवरसुद्धा. चालू असलेला प्रोग्रॅम तेवढ्यापुरता चालत राही, कारण तो आधीच मेमरीत चढलेला असे. बंद करून पुन्हा सुरू केला की मेला. दुपारी मी फ्लॉपीवरून ताजा प्रोग्रॅम उतरवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दिसायचं की श्री पुसला गेलाय. ते परत घालायचे.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाई स्वयंपाकघरात साडीच्या निऱ्या नीट करत होत्या, पर्स ओट्यावर तयार होती. मी विचारलं, "आई, बाबा सकाळी पूजेनंतर कॉम्प्युटरवर काय करतात?" सकाळी मी पाणी भरण्यात आणि डबा करण्यात असायचे, मला कधी दिसलंच नव्हतं.

"एकेक काहीतरी उघडतात आणि श्री घालतात," त्या म्हणाल्या. "बोलतात सुद्धा स्वतःशीच, हा मेला श्री रोज खातो कसा म्हणून."

"रोज?"

"रोज."

"आणि दुपारी ते बंद पडतं. तुमच्या नाही लक्षात आलं?"

त्यांनी निऱ्या सोडल्या आणि माझ्याकडे पाहिलं. "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण ह्यांनी सकाळी रेडिओला हात लावला की दुपारी रेडिओ बंद पडायचा, मिक्सरला लावला की मिक्सर. ते कळायला काय लागतं? आलं होतं लक्षात."

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला होता. "माझी नोकरी चाललीय आई. सोमवारी गेले नाही तर संपलं. तुम्हाला माहीत आहे."

त्या ओट्याला टेकल्या. मग अगदी हळू, बाहेर बाबा झोपले होते म्हणून, सांगायला लागल्या.

"देवळात नाही जात मी. पहिल्या दिवशी गेले होते. मग पुढच्या दिवशी स्टेशनवर गेले, तिकीट काढलं आणि ठाण्याला जाऊन तलावपाळीवर बसले. एकटीच. कुणी हाक मारली नाही. मग कधी कळव्याला उतरून खाडीकडे जायचे, तिथे कोळी जाळी दुरुस्त करत बसलेले असतात, ते बघायचे. एकदा तर खडवलीला गेले. दुपारी त्या गाडीला कोण असतं? नदीत पाय सोडून बसले होते, एका बाईने विचारलं, कुणाबरोबर आलात, तर मला काय सांगावं सुचेना." त्या किंचित हसल्या. "हे रिटायर झाल्यापासून ती हाक मलाच होती गं. चष्मा कुठे, पेन कुठे, पंखा कमी कर, जरा इकडे ये. झोपेतसुद्धा ऐकू यायची. मग तू घरी बसलीस आणि ते यंत्र बिघडायला लागलं. दुपारभर ह्यांना तू लागायचीस. मी गप्प बसले. चुकलं माझं. पण बसले खरी."

इतके दिवस मी स्टुलावर बसून ज्या बाईवर चडफडत होते, ती माझ्या जिवावर खडवलीच्या नदीत पाय बुडवून बसली होती. राग होता, तो कुठे गेला नव्हता. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही अगदी हेच केलं असतं, हेही मला तिथे उभ्या उभ्या पक्कं कळत होतं.

मी जास्त चांगली बाई असते तर कदाचित आणखी थोडे दिवस फ्लॉपी घालत राहिले असते. मला जायचं होतं. मी बाहेर गेले, बहुरूप्यासाठी दोन वेगळी फोल्डरं केली, प्रोग्रॅम एकात, प्रकरणं दुसऱ्यात, आणि प्रोग्रॅमच्या फाइली फक्त वाचता येतील, लिहिता येणार नाहीत अशा करून टाकल्या. मग बाबा उठायची वाट बघत पहिल्यांदाच आपण होऊन त्या स्टुलावर बसले.

मी सांगायला लागले. त्यांना त्रास होईल, हे वाक्य माझ्या कानात घुमत होतं. पण बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, अधूनमधून एखादा प्रश्न विचारला, तोही अगदी इंजिनियरचा.

"म्हणजे रोज मीच मारत होतो, आणि तू रोज जिवंत करत होतीस?"

"हो."

"मी कोलशेतला प्रत्येक बॉयलर पेटवायच्या आधी त्याच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. कुठल्या मॅन्युअलात होतं ते? एकही बॉयलर कधी बंद पडला नाही." मग पडद्याकडे बघून म्हणाले, "पण ते बाहेरून होतं. मी आत घालत बसलो."

"प्रकरणांवर घाला ना बाबा. तिथे चालतं."

"घालीन." मग म्हणाले, "सकाळी मी काय करतो, हे मला आधी का नाही विचारलंस? चिडतो मी, मान्य आहे. पण एवढा?"

तेव्हा माझा तोल गेला आणि मी नोकरीचंही सांगून टाकलं. सोमवार, ठाणे, नवी बॅच, मुदत, पीसीओ, सगळं. बोलताना रडू आलं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. इतके महिने आम्ही तिघं ज्याच्या भीतीने कुजबुजत होतो, त्या माणसाला कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

"मग जा की!" ते म्हणाले. चिडूनच म्हणाले. "मी काय पाळण्यातलं पोर आहे? मला विचारायचं सोडून सगळे मिळून माझं हृदय सांभाळताय! जा सोमवारी. आता यंत्र बिघडत नाही म्हणालीस ना? मग झालं तर. आणि लागलं काही, तर ही आहेच की घरात."

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात पर्स होती. त्यांनी मान हलवली, हो म्हटल्यासारखी, आणि आत गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या पुन्हा घरातली साडी नेसत होत्या.

"आई, तुम्हीही सांगा ना त्यांना," मी म्हणाले. "माझं ऐकलंच की त्यांनी. तुमचंही ऐकतील."

"काय सांगू?"

"की दुपारी तुम्ही बाहेर जाणार म्हणून."

"कुठे, म्हणून विचारतील."

"खडवलीला म्हणायचं. ठाण्याला म्हणायचं."

"कशाला, म्हणून विचारतील." त्यांनी बाहेरच्या साडीची घडी घातली, चारी टोकं जुळवली आणि ती कपाटात खालच्या बाजूला ठेवली. त्या रागावलेल्या नव्हत्या. मला समजावून सांगितल्यासारखं बोलत होत्या. "तुझ्या जाण्याला नोकरी म्हणतात गं. त्याला कुणी नाही म्हणत नाही. माझ्या जाण्याला काय म्हणायचं, सांग."

सोमवारी मी कामावर रुजू झाले.